बडोद्यात घर आणि शाळा एकत्र शोधून देणारी सेवा : पैसे कुठे वसूल होतात, कुठे होत नाहीत

नोकरीतील बदलीमुळे कुटुंबासह बडोद्याला येणाऱ्यांसाठी भाड्याचे घर आणि मुलांच्या शाळा अशा दोन्ही गोष्टी शोधून देणाऱ्या संस्था आता शहरात काम करू लागल्या आहेत. पूर्वीचा दलाल घर दाखवून, एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेऊन मोकळा होत असे. या संस्था मात्र घराबरोबर शाळांची यादी, प्रवेशअर्ज, अकरा महिन्यांचा भाडेकरार, पोलीस ठाण्यातील भाडेकरूची नोंद आणि पाइपच्या गॅसची जोडणी इथपर्यंतची कामे एकाच शुल्कात करून देण्याचे कबूल करतात. माझ्या पतीची बदली पिंपरीहून बडोद्याजवळच्या मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीत झाली, तेव्हा त्यांच्या कंपनीने अशाच एका संस्थेशी आमची गाठ घालून दिली. शुल्काचा काही भाग कंपनीने उचलला आणि उरलेला आम्ही भरला. संस्थेचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण आम्हाला जाणवलेल्या बहुतेक उणिवा या साऱ्या धंद्याच्याच आहेत आणि नाव बदलले तरी अनुभव फारसा बदलेल असे वाटत नाही. माझे मत आधीच सांगते. कागदपत्रांच्या कामात ही सेवा उत्तम आहे, शाळांची माहिती देण्यात बेताची आहे आणि वस्ती निवडून देण्यात कच्ची आहे. मुलांना घेऊन परक्या गावी राहायला जाणाऱ्याला वस्तीचीच काळजी सर्वांत जास्त असते, त्यामुळे ही शेवटची उणीव किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

जे चांगले आहे त्याबद्दल हात आखडता घेण्याचे कारण नाही. आम्ही पिंपरी सोडण्याच्या बऱ्याच आधी संस्थेच्या प्रतिनिधीने, जेमतेम पंचविशीतल्या एका मुलाने, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागवून घेतला आणि त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच या असे बजावले. दुसऱ्या राज्यात प्रवेश घेताना ही प्रतिस्वाक्षरी मागितली जाते. ती नसेल तर भर एप्रिलच्या उन्हात महाराष्ट्रात परत चक्कर मारावी लागते, हे आम्हाला तोपर्यंत कोणीही सांगितले नव्हते. त्याच मुलाने दाखला आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून, वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी ‘ए’ जास्त आहे, हे पेन्सिलीने गोल करून दाखवले. शाळांच्या संगणकात विद्यार्थ्याचा कायम क्रमांक आधारशी जुळवताना अशाच एका अक्षरावरून महिना-महिना काम अडते. भाडेकरार नीट वाचून दाखवला गेला, सोसायटीचा मेन्टेनन्स कोणी भरायचा आणि लाइट बिल दोन महिन्यांनी येते तेव्हा मधल्या काळात घर सोडल्यास हिशेब कसा करायचा, ही कलमे त्यांनी आपणहून घातली. एवढ्या कामासाठी मी शुल्काचा निम्मा भाग आनंदाने देईन.

शाळांची माहिती मात्र एका चकचकीत पुस्तिकेच्या रूपाने आली. तीत शाळांना तारे दिलेले होते आणि मैदान, तरणतलाव, वातानुकूलित वर्ग यांची चित्रे होती. बडोद्यात शाळा निवडताना ज्या गोष्टी खरोखर विचारात घ्याव्या लागतात, त्यांपैकी एकही त्या पुस्तिकेत नव्हती.

पहिली गोष्ट वयाची. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण झालेली चालतात. गुजरातमध्ये २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून १ जूनला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. आमच्या धाकट्याचा जन्म ऑगस्टमधला आहे. पिंपरीत त्याची मोठी शिशू संपली होती आणि तो पहिलीत जाणार म्हणून आजीने त्याला नवे दप्तरही घेऊन दिले होते. संस्थेच्या पत्रात ‘पहिलीचा प्रवेश निश्चित’ असे लिहिलेले होते, आणि खरा नियम आम्हाला शाळेच्या खिडकीपाशी, तिथल्या कारकून बाईंकडून कळला. मुलाला बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षात, बसवावे लागले. वर्ष वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण मूल लहान आहे आणि वर्गात ते आता सगळ्यांत धाकटे राहिलेले नाही. परंतु जून ते डिसेंबर या काळात जन्मलेले मूल घेऊन महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हा प्रश्न पडणारच आहे, आणि ज्या सेवेचा धंदाच अशा कुटुंबांवर चालतो तिला तो ठाऊक नसणे अक्षम्य आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती शिकवणे बंधनकारक झाले आहे. केंद्रीय मंडळाची शाळा घेतली म्हणजे गुजराती टळली, असे आता नाही. आमची मुलगी सहावीत आली. तिच्या वर्गातील मुले ही भाषा पहिल्यापासून ऐकत आणि बोलत आलेली, तर ही अक्षरओळखीपासून सुरुवात करणारी. मराठी मुलांना लिपी फार जड जात नाही, वरची रेघ काढून टाकली की निम्मी अक्षरे ओळखीची निघतात. ज, झ, फ, ब, ख यांच्यापाशी हात थांबतो. पण सहावीच्या पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचायला घरी कोणीतरी रोज बसावे लागते. म्हणून शाळेत पहिल्या भेटीत विचारण्याचा प्रश्न ‘निकाल किती टक्के’ हा नसून, बाहेरून आलेल्या मुलांसाठी गुजरातीचा वेगळा तास आहे का आणि पहिल्या वर्षी त्या विषयाची परीक्षा तुम्ही कशी घेता, हा आहे. आम्ही ज्या शाळांत गेलो त्यांपैकी काहींनी या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले आणि काहींनी ‘होऊन जाईल, बेन’ एवढ्यावर बोळवण केली. आमची निवड मुख्यतः या उत्तरावरून झाली.

तिसरी गोष्ट पाळ्यांची. इथल्या बऱ्याच शाळा, विशेषतः राज्य मंडळाच्या, दोन पाळ्यांत भरतात. मोठी मुले सकाळी लवकर जातात आणि प्राथमिकचे वर्ग दुपारी असतात, किंवा याच्या उलट. एकाच शाळेत दोन भावंडे घालण्याचा हेतू असा असतो की आईबापांच्या खेपा वाचाव्यात, आणि नेमका तोच हेतू पाळ्यांमुळे फसतो. दोघेही नोकरी करणारे असतील तर दुपारी घरी येणाऱ्या मुलाकडे कोण पाहणार, यावर घराची जागा ठरते. पुस्तिकेत वेळापत्रकाचा स्तंभच नव्हता.

फीबद्दल मात्र बाहेरून येणाऱ्यांनी उगाच धास्तावून जाऊ नये. गुजरातमध्ये २०१७ पासून स्वयंनिर्भर, म्हणजे विनाअनुदानित खासगी, शाळांच्या फीवर नियंत्रण ठेवणारा कायदा आहे; प्राथमिकसाठी वर्षाला १५,००० रुपयांची मर्यादा ठरवलेली असून, त्याहून जास्त फी घ्यायची असेल तर शाळेला विभागीय फी नियमन समितीपुढे आपला खर्च मांडून मंजुरी घ्यावी लागते. चांगल्या म्हणवणाऱ्या बहुतेक शाळांची फी मर्यादेच्या वरच आहे, परंतु मंजूर झालेला आकडा समितीच्या आदेशात असतो आणि तो पालकाला पाहता येतो. शाळेच्या माहितीपत्रकावरील किंवा संस्थेच्या पुस्तिकेतील आकड्यापेक्षा तो आदेश आधी पाहावा. व्हॅन, नाश्ता, सहल, गणवेश हे त्यात धरलेले आहे की नाही तेही विचारावे.

सहलीचा उल्लेख केला म्हणून येथेच लिहिते. जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. त्यानंतर बडोद्यातील पालक सहलीच्या परवानगीच्या कागदावर डोळे मिटून सही करीत नाहीत. नव्याने येणाऱ्यांनीही सहलीला मुलांमागे किती मोठी माणसे जातात, पाण्याजवळ नेणार असल्यास कोणती खबरदारी घेतली जाते, हे प्रवेशाच्या वेळीच विचारले तर कोणालाही वावगे वाटत नाही.

पुस्तिकेतील सगळ्यात खटकलेली बाब म्हणजे ‘पालकांच्या मुलाखतीची तयारी’ या नावाखाली वेगळे पैसे मागणारी एक ओळ होती. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावण्यास आणि देणगी घेण्यास मनाई आहे. प्रत्यक्षात ‘ओळख करून घेण्यासाठी’ म्हणून पालकांना बोलावले जाते, हे सर्वांना माहीत आहे. पण जे कायद्याने करायचेच नाही त्याची शिकवणी विकणे म्हणजे पालकांच्या भीतीवर दुकान मांडणे होय. आम्ही ती ओळ खोडून पाठवली आणि त्यामुळे काहीही बिघडले नाही.

आता वस्तीकडे वळते. बडोद्याला पुण्या-मुंबईकडचे लोक सपाट, आटोपशीर शहर समजतात आणि ते एका अर्थी खरेही आहे. कुठूनही कुठेही जायला तासाभरापेक्षा जास्त लागत नाही. पण या शहराच्या मधून विश्वामित्री वाहते, शिवाय मुंबई-अहमदाबाद रेल्वेमार्ग त्याचे आणखी दोन भाग करतो, आणि घर एका बाजूला व शाळा दुसऱ्या बाजूला असेल तर तुमचा रोजचा दिवस एखादा पूल किंवा एखादे गरनाळे, म्हणजे रुळांखालून जाणारा रस्ता, ठरवते. अलकापुरीचे गरनाळे पाऊस आला की तुंबते आणि मग सगळी वाहतूक जेतलपूरच्या पुलावर चढते. अकोटा-दांडिया बाजार पूल, काळा घोड्याजवळचा पूल, समा आणि कारेलीबागेला जोडणारा मंगल पांडे पूल, ही नावे नकाशावर शोधून, घर आणि शाळा यांच्यामध्ये त्यांपैकी काय काय येते ते आधी पाहावे. २०२२ च्या डिसेंबरात गेंडा सर्कलपासून मनीषा चौकडीपर्यंतचा साडेतीन किलोमीटरचा अटल पूल सुरू झाल्यापासून पश्चिमेकडची ये-जा सोपी झाली आहे, परंतु तो नदी ओलांडीत नाही.

नदीचा दुसरा आणि मोठा प्रश्न पुराचा. ऑगस्ट २०२४ मध्ये वरच्या भागातला पाऊस आणि आजवा सरोवरातून येणारे पाणी एकत्र होऊन विश्वामित्रीची पातळी ३७ फुटांच्या आसपास गेली आणि समा, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा अशा भल्या भल्या वस्त्यांत पाणी शिरले. कित्येक घरांचे तळमजले दोन-तीन दिवस पाण्यात होते आणि या नदीत मगरी असल्यामुळे सोसायट्यांच्या आवारातून मगरी पकडून न्याव्या लागल्या. २०२५ मध्ये पावसाळ्यापूर्वी नदीतला गाळ काढण्याचे आणि पात्र रुंद करण्याचे मोठे काम झाले आहे. तरीही घर शोधताना २०२४ चे पाणी कुठपर्यंत आले होते हाच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, आणि आमच्या संस्थेने तो एकदाही काढला नाही. त्यांनी दाखवलेले पहिलेच घर समा भागात होते. पतीच्या मंजुसरच्या रस्त्यावर, चांगल्या शाळांजवळ, रंग नुकताच दिलेला, भाडेही माफक. त्या इमारतीच्या पार्किंगमधील खांबांवर नवा रंग जमिनीपासून माझ्या खांद्याइतक्या उंचीपर्यंतच होता आणि त्याच्या वर जुनाच पिवळट रंग होता. मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारले, तेव्हा त्याने काही न बोलता आपल्या गाडीच्या छपराकडे बोट दाखवले.

नदीइतकेच, किंबहुना जास्तच, लक्ष कांसांकडे द्यावे लागते. बडोद्यात पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या उघड्या ओढ्यांना कांस म्हणतात. भूखी कांस, रूपारेल कांस ही त्यांतील प्रसिद्ध नावे. शहर वाढत गेले तशा त्या कुठे अरुंद झाल्या, कुठे झाकल्या गेल्या. मार्च महिन्यात कांस कोरडी असते आणि बाहेरच्या माणसाला ती साधी गटार वाटते. जुलैत तीच रस्ता अडवते. नदीपासून चांगले दोन किलोमीटर दूर असलेली सोसायटीही कांसेपायी बुडते. म्हणून केवळ ‘नदीपासून लांब आहे ना’ एवढ्यावर समाधान मानू नये. दूधवाला, किराणा दुकानदार आणि शाळेच्या व्हॅनचे काका यांना विचारावे, कारण पाण्यातून वाट काढून त्यांनाच रोज यावे लागते.

एरवी कोणती वस्ती चांगली, याचे उत्तर नोकरीच्या दिशेवर अवलंबून आहे. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत जाणाऱ्याला मांजलपूर सोयीचे. तिथे मराठी घरे बरीच आहेत, शाळा पायी जाण्याइतक्या जवळ आहेत आणि बाजार हाताशी आहे. वाघोडिया किंवा हालोलकडे जाणाऱ्याने वाघोडिया रोड पाहावा. घरे स्वस्त मिळतात, पण धूळ आणि अवजड वाहने सोसावी लागतात. गोत्री, वासणा, भायली हा पश्चिमेचा भाग नव्या मनोऱ्यांचा आणि नव्या शाळांचा. तिथे निम्मेअधिक लोक बाहेरूनच आलेले असल्यामुळे कोणी कोणाला उपरे समजत नाही, ही मोठीच जमेची बाजू आहे. मात्र भायली, सेवासी, बिल ही गावे २०२० मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली असल्याने पाणी आणि सांडपाण्याच्या सोयी इमारतींच्या मागून येत आहेत. टँकरचा खर्च मेन्टेनन्समध्ये धरला आहे का ते विचारून घ्यावे. अलकापुरीबद्दल काय लिहावे. ज्यांना परवडते त्यांना सल्ल्याची गरज नसते. दांडिया बाजार, रावपुरा, शियापुरा या भागांत कानांवर मराठी पडते, गणपतीच्या दिवसांत आपण पुण्याच्या पेठेत आहोत असेच वाटते, पण मुले सायकल चालवू शकतील अशी मोकळी जागा नाही आणि चारचाकी लावायची कुठे हा प्रश्न रोजचाच असतो.

संस्थेच्या याद्यांत या सगळ्याचा मागमूस नव्हता. त्यांच्याकडे घरांची वर्गवारी खोल्या आणि भाडे यांवर होते, शाळांची ताऱ्यांवर, आणि दोन्ही याद्या दोन वेगवेगळी माणसे सांभाळतात. घर दाखवणाऱ्याला शाळेची पाळी माहीत नसते आणि शाळा दाखवणाऱ्याला पूल माहीत नसतो. शुल्क मात्र ‘एकत्रित सेवे’चे घेतले जाते.

शेजार कसा मिळेल, हे तर कोणत्याच यादीत बसत नाही, पण संस्थेच्या अर्जात त्याच्याशी संबंधित एक प्रश्न होता : आहार शाकाहारी की मांसाहारी. आमच्याकडे बुधवार-रविवार मासे असतात, तसे मी लिहिले. प्रतिनिधीने फोन करून अत्यंत नम्रपणे सुचवले की ‘शाकाहारी’ लिहिले तर पर्याय तिपटीने वाढतील, नंतर कोण बघायला येते. मी नाही म्हटले, आणि यादी खरोखरच आखडली. बडोद्यात असंख्य सोसायट्यांत मांसाहारी भाडेकरू चालत नाहीत, आणि हे तोंडावर सांगण्यात कोणाला संकोचही वाटत नाही. हा त्यांचा रिवाज म्हणून मी समजू शकते. खोटे लिहून राहायला जाणे आणि मग खिडक्या बंद करून बोंबील तळणे मला जमणार नव्हते, आणि मुलांना ‘बाहेर सांगू नका’ असे शिकवणे तर मुळीच नाही. आडनाव, जात आणि धर्म विचारणाऱ्या सोसायट्याही आहेत. आमच्यासारख्या मराठी हिंदू कुटुंबासाठी जी दारे सहज उघडली ती सगळ्यांसाठी उघडत नाहीत, हे घरे पाहताना स्पष्ट दिसत होते. घर विकत घेण्याचा विचार असेल तर शहराच्या पुष्कळ भागांना १९९१ चा ‘अशांत धारा’, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागांचा कायदा, लागू आहे आणि तिथल्या खरेदीविक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, हेही आधी माहीत असावे.

शेवटी आम्हाला निझामपुऱ्यात, कांसेपासून लांबच्या बाजूला, एक जुने टेनामेंट मिळाले. बडोद्यात टेनामेंट म्हणजे स्वतंत्र दार आणि पुढे छोटे अंगण असलेले घर. ते संस्थेच्या यादीत नव्हते. घरमालकीण मासींचे दार त्या प्रतिनिधी मुलाने आपल्या ओळखीने ठोठावले, याचे श्रेय मी त्याला देते. मासी स्वतः कांदा-लसूणसुद्धा न खाणाऱ्या. मी आमच्या स्वयंपाकाचे आधीच सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘रसोडामां तमारे जे करवुं होय ते करो, बेन. कचरो ढांकीने मूकजो, नहीं तो बिलाडी आवशे.’’ (स्वयंपाकघरात हवे ते करा, कचरा झाकून ठेवा, नाहीतर मांजर येईल.) त्यानंतर त्यांनी आम्हाला पाण्याची वेळ सांगितली, मोटार कोणत्या खटक्याने सुरू होते ते दाखवले आणि मुलीला कितवीत आहेस म्हणून विचारले. मुलीच्या गुजरातीची जबाबदारी आता बरीचशी मासींकडेच आहे. संध्याकाळी झोपाळ्यावर बसून दोघी वर्तमानपत्रातले मथळे वाचतात.

शेजार पारखण्याची माझी पद्धत साधी होती आणि ती कोणालाही वापरता येईल. संस्था घरे सकाळी अकराच्या सुमारास दाखवते, कारण तेव्हा सगळे शांत असते. आम्ही पसंत पडलेल्या प्रत्येक ठिकाणी संध्याकाळी साडेसहानंतर पुन्हा गेलो. सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये मुले खेळत आहेत का, भाडेकरूंची आणि मालकांची मुले एकत्र खेळत आहेत का, बाकावर बसलेली वडीलधारी माणसे अनोळखी बाईला पाहून ‘कोनुं घर शोधो छो?’ म्हणून विचारतात की नुसतीच टक लावून पाहतात, एवढे पाहिले. एका ठिकाणी कॉमन प्लॉटला कुलूप होते आणि ‘मुलांनी खेळू नये’ अशी पाटी होती. पुढे काही पाहण्याची गरजच उरली नाही. नवरात्रात सोसायटीचा गरबा कॉमन प्लॉटवर होतो का आणि त्याची वर्गणी भाडेकरूंकडून घेतात का, हेही विचारावे. वर्गणी मागतात ते उत्तम लक्षण आहे, कारण मग तुम्ही फेरात असता. ‘तुम्हाला काही द्यावे लागणार नाही’ असे सांगणारी सोसायटी तुम्हाला पाहुणेच ठेवणार. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला पतंग उडवायला, गच्ची कोणाची, या प्रश्नालाही इथे भाडेकरारातील कलमाइतकेच महत्त्व आहे, आणि तो जानेवारीत विचारण्यापेक्षा मार्चमध्ये विचारलेला बरा.

मुलांचे मराठी टिकवण्याच्या बाबतीत संस्थेकडून कसलीही अपेक्षा नव्हती आणि ती त्यांनी पुरी केली. गायकवाडांच्या या गावात मराठीला परके वाटावे असे काही नाही. २०१८ मध्ये एक्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले होते, मराठी वाङ्मय परिषद कार्यरत आहे आणि सयाजीरावांनी सुरू केलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. पण शाळेत मराठी विषय मिळेल ही आशा इंग्रजी माध्यमात जवळजवळ नाही. त्यामुळे घर मांडवीतल्या या ग्रंथालयापासून किती लांब आहे, हा आमच्या निवडीतला एक बारीकसा निकष होता. शनिवारी जाता येते, एवढे पुरते.

ज्यांना ही सेवा घ्यायचीच आहे त्यांनी ती तुकड्यांत घ्यावी. कागदपत्रे, करार, पोलीस नोंद आणि गॅस यांचे काम त्यांच्याकडे द्यावे आणि त्याचाच दर ठरवून घ्यावा. संस्था आधी नाही म्हणते, मग तयार होते. शाळा आपल्या आपण निवडाव्यात, आणि शाळा ठरल्यानंतरच, नदीच्या ज्या बाजूला ती आहे त्याच बाजूला, घरे दाखवण्यास सांगावे. पैसे दोन हप्त्यांत द्यावेत, दुसरा हप्ता मुलांची नावे शाळेच्या पटावर चढल्यावर. पत्रात ज्या इयत्तेचा प्रवेश कबूल केला आहे तो वयाच्या नियमामुळे न मिळाल्यास शुल्काचा किती भाग परत मिळेल, हे कलम आमच्या करारात नव्हते. धाकट्याच्या प्रकरणानंतर आम्ही लेखी तक्रार केली, तेव्हा शाळाप्रवेशाच्या शुल्कातील काही रक्कम कुरकुर न करता परत आली, आणि पतीच्या कंपनीत नंतर नागपूरहून आलेल्या एका कुटुंबाच्या करारात ते कलम छापील स्वरूपात होते.